घटिकापात्र

टेका जरा, जोशीबुवा.
भोक एकदम मोठं करायचं नसतं.
पडलेलं भोक
कुठल्याही मंत्रानं लहान होत नाही.
लग्न परवा आहे ना?
मग आज-उद्या ही वाटी बुडवत बसू घंगाळात,
पुन्हा पुन्हा,
जोवर ती मोजून साठ वेळा बुडून
सूर्याला त्याच उंबऱ्यावर आणून उभा करत नाही.

विचारलंत, माझ्या पाठीला बाक कसा नाही.
तांबट आळीत सगळे ऐरणीवर वाकलेले,
मी एकटा ताठ.
सात वर्षं गुराबेवर शिपाई होतो, बुवा.
हसा.
थळघाट उतरताना मलाही हसू आलं होतं;
गोदेत कमरेच्या पुढं कधी गेलो नव्हतो.

दोराला हात लावायचा नाही, हे पहिलं शिकवलं.
शीड खलाशांचं, सुकाणू तांडेलाचं.
आपण उभं राहायचं.
पाण्याच्या पिंपापाशी एक,
जुमलेदाराच्या दारापाशी एक,
आणि दारूच्या कोठीपाशी एक, अनवाणी,
कानातली बाळीसुद्धा उतरवून.
तोडा पेटता हवा, पण कोठीपासून सात पावलं लांब.
ओकारी आली तर उभ्यानं.
बदली समोर येऊन उभी राहिल्याशिवाय
जागा सोडायची नाही, आभाळ पडो.
शत्रूची नाळ आपल्या नाळेला भिडली
की पहिली उडी आपली.
ती तेवढी सोपी.

वेळ मोजायला बादलीत एक वाटी होती,
माझ्या बापाच्या हातची.
मीच नेली होती घरातून, चोरून म्हणा.
आठ वेळा बुडाली की टोला,
टोला पडला की पहारा बदली.

चांदोरीचा सिदोजी माझ्या शेजारी झोपायचा,
एका नदीचे म्हणून.
त्या साली नारळी पुनवेआधीच हुकूम आला,
समुद्र फुगलेलाच होता.
बादली टांगलेली, तरी पाणी काठ चाटत होतं
आणि वाटी भरत होती वरून,
भोकातून नव्हे.
तीनदा भरताना मी पाहिली.
पण माझाही पहारा त्याच टोल्यावर सुटणार होता
आणि डोळे मिटत होते.
आठव्यांदा बुडाली. टोला दिला.

सिदोजी कोठी सोडून वर आला.
बदलीवाला अजून घोरत होता.
सारंगानं ढगाच्या फटीत एक तारा शोधला, म्हणाला,
दोन घटका आहेत अजून.

कोठी आहे, पहारा नाही.
वाटीचं कुणी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.

चाळीस कोरडे.
जुमलेदार म्हणाले, लहानू, तू मोज,
तांबटाचा हात आणि आकडा चुकत नाही.
नाही चुकला.
मधला एखादा आकडा गिळता आला असता,
लाटांचा आवाज होता, कुणाला कळलं नसतं.
मी सगळे मोठ्यानं म्हटले.

रात्री त्याच्या पाठीला खोबरेल लावत होतो.
पालथाच, तोंड फळीकडे, त्यानं एवढंच विचारलं,
"लहानू, आठ झाल्या होत्या ना?"
"झाल्या होत्या."
ते खोटं नव्हतं, बुवा.
तेच तर.

बुडाली बघा. थोडा उशीर झाला तिला.
केसभर वाढवतो भोक, केसभरच.

आणि एक करा.
मांडवात पोरं धावतात, कुणाचा तरी पाय लागतो घंगाळाला.
पाण्याजवळ एक माणूस बसवा,
झोप झालेला.
वाटी वरून भरताना दिसली
तर त्यानं ओरडायचं, सगळ्या वऱ्हाडासमोर.
मुहूर्त हुकेल.
हुकू द्या.